फेरीतला दुसरा आवाज

किशनरावांना मोबाइलवर स्टेटस ठेवायचा नाद लागला आणि आनंदराजांच्या सकाळी नासायला लागल्या.

त्याआधी सगळं बरं होतं. किशनराव लातूरला, आनंदराज नांदेडला. आठवड्याला एखादा फोन, वर्षातून दोन-तीन भेटी. मधल्या दिवसांत किशनराव कुणाबरोबर चहा पितात, कुणाच्या खांद्यावर हात टाकून हसतात, हे आनंदराजांना दिसत नव्हतं. आणि दिसत नव्हतं तोवर ते नव्हतंच. आता रोज उजाडलं की दिसायचं. बागेतल्या बाकावर किशनराव आणि तो. औशाच्या किल्ल्याच्या दारात किशनराव आणि तो. टपरीवर बशीतून चहा पिताना किशनराव आणि तो. रुंद छातीचा, पांढऱ्या मिशांचा, फोटोतसुद्धा मोठ्यानं बोलत असल्यासारखा दिसणारा एक माणूस. अमरेशराव त्यांचं नाव. त्या दिवशीच्या फोटोत तर दोघांच्या गळ्यात एकाच रंगाचे मफलर होते.

"एवढं डोळे फाडून काय बघायलात?" विशाखाबाईंनी विचारलं.

"काही नाही. किशनचं स्टेटस."

त्यांनी नवऱ्याच्या हातातून मोबाइल घेतला, लांब धरला आणि फस्सकन हसल्या. "अगं बाई! जोडीनं मफलर घेतले की. तुमच्या सवतीचं नाव काय म्हणालात?"

"विशाखा, काहीतरीच बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? तुमचं तोंडच बोलायलंय." मोबाइल परत देत त्या म्हणाल्या, "येळवशीला चाललात ना? भेटेलच तिथं. माझाही नमस्कार सांगा सवतीला."

आनंदराजांनी मोबाइल खिशात टाकला. बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. सगळी नोकरी त्यांनी नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली होती. तिथं हळू बोलायची सक्ती असते. त्यांना ती कधी जाचली नाही. दुकानदारानं कमी तोलून दिलं तरी ते पिशवी उचलून घरी यायचे. वर्षातून एकदाच, एकाच ठिकाणी आनंदराज मोकळ्या गळ्यानं ओरडायचे. ते म्हणजे किशनरावांच्या शेतात, येळवशीला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूरकडची गावंच्या गावं ओस पडतात आणि शिवारं माणसांनी फुलतात. शेतात कडब्याची खोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून त्यांचे पांडव करायचे, पूजा करायची, ओळखीपाळखीच्यांना बोलावून जेवू घालायचं. आणि मग फेरी. मालकानं अंबिलीचा तांब्या घेऊन, एखाद्या डहाळीनं पिकावर अंबील शिंपडत शेताच्या चारी बांधांवरून फिरायचं आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे!" मागून चालणाऱ्यानं उत्तर द्यायचं, "सालम पलगे!" शब्द कानडी मुलखातून आलेत म्हणतात. अर्थ विचारला तर दहा जण दहा सांगतात. पण हाक आणि उत्तर असे दोन आवाज लागतात, एवढं नक्की. कुणी ही फेरी जेवणाआधी उरकतं. किशनरावांच्या घरात ऊन उतरल्यावर करायची रीत होती.

किशनरावांच्या फेरीतला दुसरा आवाज आनंदराजांचा होता. लातूरच्या वसतिगृहात दोघं एका खोलीत राहायचे तेव्हापासून.

आनंदराज मूळचे औशाजवळच्या एका खेड्यातले. त्यांची आई भामाबाई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. येळवशीला मालकांची पंगत उठली की बांधाच्या अलीकडं बायांना बसवून वाढायचे. अंबील वरून ओंजळीत. लहानपणी आनंदराजांनी ती ओंजळीतूनच प्यायली होती. म्हणून किशननं पहिल्यांदा निलंग्याकडच्या आपल्या शेतात बोलावलं तेव्हा ते जायला तयार नव्हते. गेले. पूजा चालली तेव्हा बाहेर हरभऱ्याच्या कडेला पेपर वाचत बसले, कारण पांडवांना हात जोडणं त्यांच्या घरात नव्हतं. किशनच्या वडिलांनी ते पाहिलं आणि पूजा पुढं चालू ठेवली. मग ऊन उतरल्यावर किशननं तांब्या उचलला, सगळे चुलते-मामे उभे असताना आनंदराजांकडं पाहिलं आणि म्हणाला, "चल रं आनंदा, माझ्यामागं तू." भोवतालच्या शेतांतली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली होती. त्या दिवशी आनंदराजांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाच नवा होता.

ती जागा तेव्हापासून त्यांची. पेपर वाचत बसायचं, पोटभर जेवायचं आणि मग फेरी. देवाला नाही तर नाही, पण पिकाला हाक मारायला काय हरकत आहे, असं त्यांनी स्वतःला समजावून ठेवलं होतं. भामाबाई होती तोवर दर वर्षी परतल्यावर तिला सांगायचे. ती फक्त विचारायची, "लोकं बघत हुती का?" ते म्हणायचे, "बघत होती." तेवढ्यावर तिचं पोट भरायचं.

यंदा येळवस शुक्रवारी आली. जिल्ह्याला सुट्टी, पुढं शनिवार-रविवार. तिन्ही दिवस शेतावरच काढायचे असं किशनरावांनी फोनवर ठरवूनही टाकलं. गुरुवारी दुपारी आनंदराज एसटीनं लातूरला उतरले. दर वर्षी किशनराव स्टँडवर एकटे उभे असत. यंदा शेजारी तो मफलर होता.

"या सर, या!" अमरेशरावांनी स्टँडभर ऐकू जाईल अशी हाक दिली आणि आनंदराजांच्या हातातली बॅग हिसकूनच घेतली. "किती ऐकून राहिलो तुमच्याबद्दल! आनंदा असा, आनंदा तसा. मी म्हटलं, दाखवा तरी एकदा तुमचा आनंदा."

"ह्यो अमरेश," किशनराव म्हणाले. "इस्लापूरचा. लेकीकडं आलाय राह्यला, आमच्या मागल्या गल्लीत. एसटीत कंट्रोलर हुता. आवाज बघितलास का? भोंगा बंद पडला तरी ह्याचं अडायचं न्हाई."

"किनवट डेपोला साहेबानं भोंगा दुरुस्तच केला नाही," अमरेशराव म्हणाले, "म्हणे अमरेश आहे ना!"

किशनराव हसले. ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकलेली असणार, तरी हसले. आनंदराजही हसले, पण त्यांचं हसणं थोडं उशिरा निघालं आणि लवकर संपलं.

गाडी अमरेशरावांच्या जावयाची होती. चालवायला अमरेशराव, शेजारी किशनराव. मागं आनंदराज आणि भाजीची पोती. तुळजाबाई, म्हणजे किशनरावांच्या मंडळी, स्वयंपाकाच्या तयारीसाठी आधीच गावाकडं गेल्या होत्या. औसा मागं पडलं, ज्वारी लागली, मधूनमधून ऊस. पुढची दोघं बोलत होती. बोलत कसली, एकानं वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्यानं संपवायचं.

"त्या दिवशी तो दूधवाला..."

"...म्हैस घेऊनच आला दारात!"

"आणि वहिनी म्हणतात..."

"...हिला चहा टाकू का!"

दोघं हसून हसून पुढं झुकले. "तू न्हवतास ना तवा," किशनराव मान वळवून म्हणाले, "नंतर सांगतो." पण सांगितलं नाही. आनंदराजांनी मांडीवर कलंडणारा मेथीचा भारा सरळ केला. चाळीस वर्षांची मैत्री एका बाजूला आणि दारात आलेली म्हैस दुसऱ्या बाजूला. पारडं म्हशीकडंच झुकायलंय, असं त्यांना वाटलं. जुन्या मैत्रीत आठवणी असतात, पण रोजची म्हैस नसते.

निलंग्याच्या अलीकडं चहाला थांबले तेव्हा अमरेशरावांनी ते सांगितलं. अगदी सहज, बशीत फुंकर घालता घालता.

"सर, यंदा फेरीला उत्तर मी देणार आहे. किशनरावांनी शब्द दिलाय."

आनंदराजांनी किशनरावांकडं पाहिलं. किशनराव बिस्कीट बुडवत होते.

"म्हटलं, तुझा घसा कुठं चालतो आता," किशनराव म्हणाले. "मागल्या येळवशीला आवाजच निघंना झाला हुता तुझा. निस्तं खाकरत आलास मागून. आन् ह्याचा आवाज म्हंजे, पार कर्नाटकात जाईल."

"हो," आनंदराज म्हणाले. "बरंच झालं की."

मागच्या वर्षी त्यांना सर्दी झाली होती. सर्दी. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं नाही. कप खाली ठेवला तेव्हा बशीत चहा सांडला आणि तो ते रुमालानं पुसत बसले, पुसायची काही गरज नसताना.

त्या रात्री काय, दुसऱ्या दिवशी सकाळी काय, त्यांच्या डोक्यात तेच. खोपीकडं चालताना तुळजाबाईंच्या डोक्यावर अंबिलीचा बिंदगा होता, तोंडाला फडकं बांधलेला घडा. मागून भाकरीच्या आणि भज्जीच्या, म्हणजे मिसळ भाजीच्या पाट्या. थंडी गोड होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. दुसऱ्या एखाद्या वर्षी आनंदराज या सगळ्यानं हरखून गेले असते. यंदा त्यांना फक्त दोन मफलर दिसत होते.

पूजेच्या वेळी ते नेहमीसारखे पेपर घेऊन बाहेर बसले. खोपीतून अमरेशरावांचा आवाज येत होता. "हे पाच, मग द्रौपदी कुठं? ही का? तिला चुना जरा कमी लागला, वहिनी!" बायका खिदळल्या. कुणीतरी म्हणालं, "पाव्हणा लई गमत्या हाय." आनंदराजांनी तीच बातमी तिसऱ्यांदा वाचली. तो आत बसू शकतो. आत बसून, हात जोडून, वर हसवूही शकतो. आपण एवढी वर्षं आलो, पण उंबऱ्याबाहेरचा एक माणूस म्हणून. ही गोष्ट कुणी कधी बोलून दाखवली नव्हती, आणि आज अमरेशरावांच्या हसण्यातून ती आपोआप ऐकू यायला लागली. उरली होती ती फेरी. तीही गेली तर मग आपण इथं कोण? पेपर वाचणारा पाहुणा.

जेवायला बसले तेव्हा त्यांना युक्ती सुचली.

अंबील कशी असते ते या भागात पोरालाही ठाऊक. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, मिरची. मडक्यात दोन रात्री आंबू द्यायची. आंबट, गार, घशाखाली सरसर उतरते. पण वर भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे हाणून ती तांब्या-तांब्या प्यायली की माणूस बसल्या जागी कलंडतो. येळवशीच्या दुपारी झाडाझाडाखाली बापई गडी घोरत पडलेले असतात ते उगीच नाही. आणि हा इस्लापूरचा. सहस्रकुंडाच्या धबधब्याकडचा, पार त्या टोकाचा. त्याला काय कळणार अंबील.

"अमरेशराव," आनंदराज म्हणाले, आणि त्यांनी स्वतः बिंदग्यातून ग्लास भरला, "पहिली येळवस ना तुमची? मग आमच्याकडची रीत सांगतो. पाहुण्यानं अंबिलीला नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर पिकाला लागतं."

"असं होय!" अमरेशरावांनी ग्लास एका दमात रिकामा केला. "अहा. झकास. घाला आणखी."

आनंदराजांनी घातली. किशनराव भाकरी मोडता मोडता थबकले. "आनंदा, ही रीत कुणाची काढलीस?"

"आमच्या औशाकडची," आनंदराज म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, कान तापले.

"सर, मग तुम्हीपण घ्या की," अमरेशराव म्हणाले. "पाजणाऱ्यानं कोरडं राहायचं, ही कसली रीत? आमच्याकडं तर एकट्यानं पिणाऱ्याला चोर म्हणतात."

"घे रं," किशनराव म्हणाले. "पिकाला लागंल."

सगळे हसले. आनंदराजांना ग्लास तोंडाला लावावा लागला. मग ते तसंच चाललं. ते अमरेशरावांचा ग्लास भरायचे, अमरेशराव त्यांचा. भज्जीत अंबाडी, तुरीचे हिरवे दाणे, वाल, चुका, शेंगदाणे, सगळं खदखदा शिजलेलं; तिच्यावर अंबील. शेजारच्या शेतातून बोलावणं आलं, तिथंही गेले, तिथंही तांब्या पुढं आला. आनंदराज डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. आता याच्या पापण्या जडावतील. आता हा जांभई देईल. अमरेशरावांनी मिशा पुसल्या आणि टवटवीत चेहऱ्यानं विचारलं, "अजून कुणाकडं आहे?"

परत आल्यावर खोपीच्या सावलीत टेकले तेव्हा तुळजाबाई भांडी आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, किती पाजायलाव त्यांला? झोपतील की पाव्हणे."

"छे हो वहिनी," अमरेशराव म्हणाले. "अंबली पिऊनच मोठे झालो आम्ही. इस्लापूरच्या पलीकडं डोंगर ओलांडला की तेलंगणच की. उन्हाळाभर सकाळी अंबली, दुपारी अंबली. माझी आई म्हणायची, याच्या अंगात रक्त नाही, अंबलीच वाहून राहिली."

आनंदराजांना हे शब्द ऐकू आले. पण लांबून, विहिरीच्या तळातून यावेत तसे. काहीतरी फार मोठी चूक झाली आहे, एवढं त्यांना कळलं. पाठ कडब्याला टेकली होती. कडबा उबदार होता. जरा एक क्षण डोळे मिटावेत आणि मग विचार करावा, असं त्यांनी ठरवलं.

जाग आली ती आवाजानं.

"सालम पलगे!"

एवढा मोठा आवाज, की आधी वाटलं कुणी कानात ओरडलं. मग कळलं, तो दूरवरून येतोय. आनंदराज धडपडून उठले. अंगावर कुणीतरी चादर टाकली होती. ऊन तांबूस होऊन ज्वारीच्या शेंड्यांवर आलं होतं. पलीकडच्या बांधावरून दोन माणसं चालली होती, पुढचा डहाळीनं शिंपडत, मागचा छाती पुढं काढून. मागच्यानं पुन्हा एक मोठं उत्तर दिलं आणि शिवारातून तिकडून कुणीतरी शाबासकी दिल्यासारखी आरोळी ठोकली. भोवतालच्या शेतांतली माणसं उभी राहून बघत होती.

तुळजाबाई चुलीपुढं दूध तापवत होत्या.

"मला उठवलं नाही, वहिनी?"

"उठिवलं की," त्या वर न बघता म्हणाल्या. "ह्यांनी दोनदा हलिवलं. म्हणाले, ऊठ आनंदा, चल, दोघंबी म्हणा उत्तर."

"मग?"

तुळजाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमी झोपंतच बोल्लाव."

"काय बोललो?"

"म्हणालाव, 'मला कशाला उठवतोस, ने तुझ्या त्या अमऱ्याला.' आन् लई कायबाय. मफलरीचं बी काढलंव." त्या थांबल्या. "पाव्हणे हितंच हुबे हुते, भावजी."

आयुष्यभर जे तोंडातून निघालं नाही, ते बरोबर नको त्या वेळी, नको त्या माणसासमोर निघालं होतं. सरळ पिशवी उचलावी, रस्त्यावर जावं, मिळेल ती एसटी धरावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी चपला शोधल्या. एक सापडली, एक कडब्याखाली गेली होती. ती ओढून काढेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की आवाज थांबलेत.

त्यांनी पाहिलं. किशनराव बांधाच्या कोपऱ्यावर खाली बसले होते, तांब्या मांडीशी धरून. फेरी अजून पुरी झाली नव्हती. अमरेशराव थोडे बाजूला उभे राहून हरभऱ्याचा डहाळा सोलत होते.

आनंदराज तिकडं चालायला लागले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ढेकळांतून चालताना दोनदा अडखळले.

"झाली का झोप?" किशनरावांनी विचारलं.

"मागच्या वर्षी मला सर्दी होती," आनंदराज म्हणाले.

"आँ?"

"आवाज निघत नव्हता तो सर्दीमुळं. घसा गेलेला नाही माझा."

किशनराव त्यांच्याकडं बघत राहिले. "मग हे चहाच्या टायमाला बोलायचं न्हाई का रं? तवा म्हणालास, बरंच झालं. मला काय सपान पडतंय? चाळीस वर्सं झाली, तुझ्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे विहीर उपसायची. आन् बोल्लास ते झोपंत!"

आनंदराजांनी मान खाली घातली. मग अमरेशरावांकडं न बघता ते म्हणाले, "अमरेशराव, जे बोललो त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"कशाचं वाईट, सर," अमरेशराव म्हणाले. आवाज पहिल्यांदाच जरा हळू होता. "मफलर बाकी खरंच जोडीनं घेतला होता. दोन घेतले तर दुकानदार कमी करून राहिला होता."

किशनराव उठले. कमरेवर हात ठेवून त्यांनी उरलेल्या बाजूकडं बोट दाखवलं. "तीन बांध झाले. ह्यो चवथा ठिवलाय तुला."

आनंदराजांनी चौथ्या बांधाकडं पाहिलं. किशन थांबला. आपल्यासाठी थांबला. सूर्य बुडायला आला, लोक बघतायत, तरी बसून राहिला. त्यांना वाटलं, आता काही बोललो तर रडू येईल.

"माझं काय न्हवतं," किशनराव पुढं म्हणाले. त्यांना मनातलं लपवायची सवय नव्हती. "मला तर लई राग आला हुता तुझा. मी म्हटलं, उरकून टाकू. ह्योच म्हणाला, एक बांध ठिवा, सर येतील उठून. मी म्हटलं, येत न्हाई त्यो. ह्यो म्हणाला, येतात बघा." आणि किशनरावांनी अमरेशरावांकडं पाहिलं.

ते पाहणं आनंदराजांनी पाहिलं. कौतुकानं भरलेली, मवाळ नजर. पहिल्या वर्षी सगळ्यांसमोर आपल्याला बोलावताना किशनच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आज ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलं होतं. अंबील पाजून त्याला लोळवायला निघालो, आणि त्यानंच बांध राखून ठेवला. अमरेशराव वाईट असते तर किती सोपं झालं असतं! चिडायला तरी जागा राहिली असती. नको म्हणावं, असं त्यांच्या जिभेवर आलं. तुमचा बांध तुम्हालाच ठेवा. पण मग बांधही गेला असता आणि किशनही.

"चल," ते म्हणाले.

किशनरावांनी डहाळी तांब्यात बुडवली. "ओलगे ओलगे!"

पहिलं उत्तर खोकल्यासारखं निघालं. कोरडं, अर्धं. मागून अमरेशराव चालत होते, आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. ती शांतता आनंदराजांच्या मानेवर बसली. तो ऐकतोय. तो मनात तोलतोय.

"ओलगे ओलगे!"

"सालम पलगे!"

हे बरं निघालं. पलीकडच्या शेतात एक म्हातारी कपाळावर हात धरून बघायला लागली. आनंदराजांनी मान ताठ केली. पुढच्या वेळी त्यांनी पोटातून, पार बेंबीच्या देठापासून आवाज काढला आणि तो ज्वारीवरून कुठवर जातो ते कान देऊन ऐकलं. अमरेशरावांच्या आवाजाला शिवारातून आरोळी मिळाली होती. आपल्याला? "सालम पलगे!" कुणी आरोळी दिली नाही. "सालम पलगे!" गळ्याची शीर तटतटली, डोळ्यांत पाणी आलं. किशनराव मागं वळून म्हणाले, "हळू रं, मरशील." ते हळू झाले नाहीत. बांध संपत आला तेव्हा उसापलीकडून एका पोरसवदा आवाजानं लांब "हो होऽऽ" केलं. एकच. पण आलं.

कोपऱ्यावर फेरी मिटली. किशनरावांनी डहाळी पिकात टाकली. तिघंही दम खात उभे राहिले.

"मस्त, सर," अमरेशराव म्हणाले. "डेपोत घेतलं असतं तुम्हाला."

आनंदराजांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग घसा साफ केला. "पुढच्या येळवशीला दोन बांध माझे."

"काय?" किशनराव म्हणाले.

"दोन माझे, दोन यांचे. आणि कोणते दोन, ते मी सांगणार."

"अरे सर! आता तर एकावर खूश दिसून राहिले होते तुम्ही."

"आज मी झोपलो होतो," आनंदराज म्हणाले. "एरवी चारही माझेच आहेत. दोन देतोय, ते घ्या."

मग किशनराव हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. तांब्यातली उरलीसुरली अंबील त्यांच्या धोतरावर सांडली. हसता हसता आधार लागला म्हणून त्यांनी मोकळा हात शेजारी उभ्या असलेल्या अमरेशरावांच्या खांद्यावर टाकला आणि तिघं खोपीकडं निघाले.

आनंदराज दोन पावलं मागं होते. त्यांनी तो खांद्यावरचा हात पाहिला. मग ते झपझप पुढं होऊन किशनरावांच्या दुसऱ्या बाजूला गेले. त्या बाजूच्या हातात तांब्या होता.

"आण इकडं," ते म्हणाले, आणि किशनरावांच्या हातातला तांब्या त्यांनी आपल्याकडं घेतला.